रक्तदाब तपासताना बालपणाविषयी विचारणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार. आपले आभार खासगीत मानता आले असते. पण आपण जे समजावून सांगितले ते माझ्यासारख्या अनेकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. चाळिशीच्या आतच वाढलेल्या रक्तदाबाचे आणि मध्यरात्री मोडणाऱ्या झोपेचे कारण तोवर मीठ, वजन आणि आनुवंशिकता यांतच शोधले गेले होते. लहानपणी घरातले वातावरण कसे होते हे आपण विचारले, आणि पिऊन येणाऱ्या वडिलांच्या पावलांचा कानोसा घेत जागून काढलेल्या रात्रींविषयी मी प्रथमच एखाद्या डॉक्टरांशी बोलले.

आपण सहानुभूतीचे चार शब्द बोलून थांबला नाहीत. धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश धाडते, कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक रक्तात उतरते, आणि धोका टळल्यावर हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाच्या मदतीने ही साखळी पुन्हा शांत होते. परंतु वाढत्या वयात धोका रोजचाच झाला, तर ही यंत्रणा बिघडते, भीतीची दखल घेणारा अमिग्डाला अतिदक्ष होतो आणि हृदय व रक्तवाहिन्यांवर ताण साचत जातो, हे आपण कागदावर आकृती काढून दाखवलेत. दार आपटल्यावर आजही छातीत धडधडते, त्याला मी इतकी वर्षे स्वभावाचा भित्रेपणा समजत होते.

अमेरिकेतील सॅन डिएगो येथील संशोधनाविषयीही आपणच सांगितलेत. वजन उत्तम घटत असताना लठ्ठपणावरील उपचार सोडून जाणाऱ्या रुग्णांशी डॉ. व्हिन्सेंट फेलिटी बोलले, तेव्हा त्यांपैकी अनेकांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे समोर आले. पुढे त्यांनी डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह १७,००० हून अधिक प्रौढांचा अभ्यास केला आणि पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले: बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये हृदयविकार, नैराश्य आणि व्यसनाधीनता यांचे प्रमाण अधिक होते. हे लोक बहुतांशी विमा असलेले मध्यमवर्गीय होते, ही गोष्ट ‘चांगल्या घरांत असे काही नसते’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

मात्र हे आकडे समूहाचे आहेत, एका माणसाचे भविष्य सांगत नाहीत, असे आपण लगेच बजावलेत आणि समुपदेशनासाठी पाठवतानाही रक्तदाबाची गोळी बंद करू दिली नाहीत. हा तोल मला फार मोलाचा वाटतो. कारण सगळे दुखणे बालपणावर ढकलणारेही आता कमी नाहीत.

आणखी एका गोष्टीसाठी मी आपली ऋणी आहे. मी आईला दोष देऊ लागले, तेव्हा त्याच घरात तीही त्याच भीतीखाली जगत होती, याची आपण शांतपणे आठवण करून दिलीत. त्यानंतर आम्ही दोघी त्या वर्षांविषयी प्रथमच बोललो, आणि डॉक्टरांकडे जायला कायम टाळणारी आई स्वतःहून तपासणीला तयार झाली.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण