सगळे मॉर्मन एका माळेचे मणी नव्हेत

संपादक महाशय,

अमेरिकेतल्या बहुपत्नीक पंथांचा विषय निघाला की सरसकट ‘मॉर्मन’ (अमेरिकेत उगम पावलेला एक ख्रिस्ती पंथ) म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे. मुख्य मॉर्मन चर्चने बहुपत्नीत्वाला १८९० मध्येच पूर्णविराम द्यायचं जाहीर केलं. ज्यांना ते मानवलं नाही, त्यांचे पुढे वेगळे फाटे फुटले.

२४ जुलै १९८४. युटा राज्यात हा मॉर्मन पूर्वजांच्या आगमनाचा सण, सुट्टीचा दिवस. त्या दिवशी अमेरिकन फोर्क गावात, अशाच एका फाट्याकडे वळलेल्या रॉन आणि डॅन लॅफर्टी या भावांनी धाकट्या भावाच्या बायकोचा आणि पंधरा महिन्यांच्या पुतणीचा गळा चिरला. रॉनला म्हणे तसा ‘दृष्टान्त’ झाला होता. तो त्याने चक्क कागदावर उतरवूनही ठेवला होता. प्रत्यक्षात राग वेगळाच होता. रॉनची बायको त्याला सोडून गेली आणि तिला या जावेने धीर दिला, हे त्याला खुपत होतं. घरातली खुन्नस देवाच्या सहीने!

अशाच एका फुटीर बहुपत्नीक पंथाचा प्रमुख वॉरन जेफ्स याला अल्पवयीन मुलींवरील अत्याचारांसाठी टेक्सासच्या न्यायालयाने २०११ मध्ये जन्मठेप दिली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच्या पंथातल्या मुलग्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. एकेका पुरुषाला डझनांनी बायका हव्यात म्हटल्यावर पोरं जास्तीची होणारच. मग सिनेमा पाहिला, मुलीशी बोलला, असलं काहीतरी निमित्त काढून त्यांना घराबाहेर काढायचं.

– एक वाचक, सांगली