भावाने गूळ खाल्ला नव्हता

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला दंतवैद्यकाच्या इतिहासावरचा लेख रविवारी वाचला तेव्हा नुसता राग आला. सोमवारी रद्दीतून पान परत काढलं आणि लिहायला बसलो. लेखाची भाषा छान आहे, चित्रंही छान. फक्त शेवटची चौकट आहे ना, ‘दातांचा आणि शरीराचा संबंध आता विज्ञानाने जोडला आहे’, तिथे माझं डोकं फिरलं.

जोडला म्हणजे? तो तुटला होता कुठे? तोडला तो माणसांनी, आणि तोडल्याचं साल लेखातच आहे. लेखकमहाशयांनी ते मोठ्या थाटात साजरं केलंय एवढंच. १८४०, अमेरिकेतलं बाल्टिमोर, जगातलं पहिलं दंत महाविद्यालय. ते काढणाऱ्या हेडन आणि हॅरिस यांचं काम मोठंच, त्याबद्दल वाद नाही. त्याआधी दात उपटणं हे बहुतेक न्हाव्याचं किंवा जत्रेतल्या माणसाचं काम होतं. त्याला शास्त्राची बैठक मिळाली, पण ती मेडिकल कॉलेजच्या बाहेर मिळाली. तिथून पुढे डॉक्टर लोकांनी ओठांपासून घशापर्यंतचा मुलूख जो सोडून दिला तो सोडलाच. आपल्याकडेही १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा वेगळा झाला, त्यातून कौन्सिलही वेगळी झाली. दात म्हणजे जणू भाड्याने आणलेली वस्तू.

हे मी एवढं तावातावाने का लिहितोय ते सांगतो.

माझे थोरले भाऊ. वय ६८, सेलू तालुक्यात शेती. शुगरचा त्रास अकरा वर्षांपासून. मागच्या पावसाळ्यात साखर जी चढली ती उतरेचना. उपाशीपोटी २४०, २६०. डॉक्टरांनी गोळी वाढवली, दुसरी जोडली, मग इन्सुलिनवर आणलं. दर महिन्याला प्रश्न एकच, “काका, गोड काय खाता?” भाऊ म्हणायचे, काही नाही. डॉक्टर वहिनींकडे बघून हसायचे.

शेवटी वहिनींनी गुळाचा डबा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. पोळ्याच्या दिवशी ज्या माणसाने आपल्या हाताने बैलांना पुरणपोळी भरवली, त्याच्या ताटात भाकरी. रात्री अंगणात बाजेवर बसून मला एवढंच म्हणाला, “म्या गुळाला बोटबी लावलं न्हाई रे.” मी हो हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, माझाही विश्वास नव्हता.

ती भाकरी ते वरणात कुस्करून खायचे. आम्हाला वाटलं वय झालं. सकाळी चूळ भरली की लाल पाणी. उशीच्या अभ्र्यावर डाग. तोंडाला असा वास की नातू मांडीवर बसेना. आणि दर महिन्याला डॉक्टर “आ करा” म्हणायचे, बॅटरी मारायचे आणि थेट घशात बघायचे. वाड्यात शिरणारा माणूस देवडीवर बसलेल्याकडे बघत नाही ना, तसं सगळे दात ओलांडून पलीकडे.

मग दाढ हलायला लागली. परभणीला दंतवैद्याकडे नेलं. ते म्हणाले, साखर उतरल्याशिवाय हात लावत नाही, फिजिशियनची चिठ्ठी आणा. फिजिशियन म्हणाले, दाताचं माझ्याकडे नाही, आणि एवढ्या साखरेवर चिठ्ठी कशी देऊ? दोन दवाखान्यांच्या मध्ये एक झेरॉक्सचं दुकान, एवढंच अंतर. आमच्या मात्र एसटीच्या चार फेऱ्या झाल्या. दोघांनी एकमेकांना एक फोन केला असता तर?

आठ महिन्यांनी कुणीतरी एका वयस्कर दंतवैद्यांचं नाव सांगितलं. त्यांनी खुणा केलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने आत सोडली आणि मदतनीस मुलीला आकडे सांगत गेले, “सहा. सात. सात. पाच.” मिलिमीटर. निरोगी हिरडीत ती तीनच्या पुढे जात नाही म्हणे. ठिकठिकाणी पू. मग हात पुसत मला म्हणाले, “गुरुजी, हे सगळं उलगडून पसरलं तर तळहाताएवढी जखम होते. यांच्या पायाला एवढी जखम असती तर आठ महिने थांबला असतात?” मी शाळेत चौतीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले. याचं उत्तर मला देता आलं नाही.

त्यांनी समजावलं ते सोपं होतं. हिरडीत सतत सूज राहिली की इन्सुलिनचं काम नीट होत नाही, साखर चढते. साखर चढली की हिरडी आणखी लवकर सडते. दोन्हीकडून मार. त्यांनी स्वतः फिजिशियनला फोन लावला, दोन दाढा काढल्या आणि चार बैठकांत हिरडीच्या आतून साफसफाई केली. तीन महिन्यांनी साखर उतरली. आता कृपा करून ‘दात साफ केले, मधुमेह पळाला’ असं काही छापू नका. या उपचाराने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत (HbA1c, तो आकडाच टक्क्यांत असतो) अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो, त्याहून जास्त आशा धरू नये. भावाचं इन्सुलिन चालूच आहे. पण अडून बसलेला आकडा हलला. त्या दिवशी वहिनींनी कपाट उघडलं. डब्यातल्या गुळाला पाणी सुटलं होतं आणि ढेप फोडलेलीच नव्हती.

म्हणून ‘आता विज्ञानाने जोडला’ हे वाक्य मला सोसत नाही. सुश्रुताने तोंडाचे ६५ रोग मोजले, आणि मूतखडा कसा काढायचा तेही त्याच ग्रंथात सांगितलं. एकाच वैद्याचं काम होतं ते. आपल्याकडे सगळंच होतं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. किडलेल्या दाताला कृमिदंत म्हणणारेही आपणच. लहानपणी आमच्या आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले ‘किडे’ वाटीत पाडून दाखवायचे, चार आण्यात. कीड म्हणजे जंतू आणि त्यांनी साखरेपासून केलेलं आम्ल, हे १८९० मध्ये मिलर नावाच्या दंतवैद्याने दाखवलं, तेव्हा तो किडा संपला. आमच्या बाजारात मात्र तो पुढेही बरीच वर्षं पडत राहिला.

बरं, इतिहासच सांगायचा होता तर भूल कुठे गेली? १८४४ मध्ये हसवणाऱ्या वायूवर स्वतःचा दात काढून घेणारा वेल्स दंतवैद्य. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनच्या हॉस्पिटलात इथरची भूल देऊन दाखवणारा मॉर्टन दंतवैद्य. आज पोट फाडताना डॉक्टर जिच्या भरवशावर असतात ती भूल दातवाल्यांनी आणून दिली. त्याची एक ओळ नाही. १९१० चा हंटरही नाही. त्या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलच्या भाषणात तोंडातल्या पुवाला इतक्या रोगांचं मूळ ठरवलं की पुढे कितीतरी वर्षं सांधे दुखले काढ दात, पोट बिघडलं काढ दात, असं चाललं. ते खूळ ओसरलं तेव्हा डॉक्टर असे उलटे फिरले की तोंडात बघायचं पुन्हा विसरले. एवढी मधली गंमत सोडून लेखक बाल्टिमोरहून एकदम इम्प्लांटवर उतरले आहेत.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर, ‘निरोगी हिरड्या’ या चौकटीच्या बरोबर खाली, केशरवाल्या इलायचीची पाव पान जाहिरात आहे. ती इलायची विकत घेताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही. त्या नावाची दुसरी पुडी, गुटख्याची, मात्र राज्यात २०१२ पासून बंदी असून टपरीवर नुसतं नाव घेतलं की मिळते. माझे तिशीतले माजी विद्यार्थी भेटतात. तोंडात आपली तीन बोटं उभी जायला हवीत, त्यातल्या दोघांच्या तोंडात एक जेमतेम जातं. भाकरीचा घास कोंबून खातात. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे कळतं. पण निदान पान तरी बदला.

माझं मागचं पत्र (पाणंद रस्त्याचं) आपण कापून चार ओळींचं केलं होतं. हेही लांबलंय. कापायचंच असेल तर बाल्टिमोर कापा, हंटर कापा, सुश्रुतही कापा, मला वाईट वाटणार नाही. गूळ तेवढा राहू द्या. भाऊ आपलाच पेपर वाचतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सेलू, जि. परभणी

(नाव छापू नये. डॉक्टरांकडे अजून दर महिन्याला जावं लागतं.)