उपग्रहचित्रांवरून पाणीसाठा : पाठ घेण्याआधी वाचावे

सर्व शिक्षक सभासदांना नमस्कार. दिवाळीनंतर सातवी ते नववीचा पाठ घेताना कृपया पुढील गोष्टी सांभाळा.

कोपर्निकस ब्राउझरवर (युरोपीय उपग्रहांची चित्रे देणारे संकेतस्थळ) सेंटिनेल-२ या उपग्रहाची तिलारी धरणाची दोन चित्रे आदल्या दिवशीच उतरवून रंगीत छापून ठेवा: एक ऑक्टोबरअखेरचे, एक मेच्या पहिल्या पंधरवड्यातले. जून ते सप्टेंबरची शोधू नका, ढगच दिसतील. पावसाळ्यातले हवेच असेल तर सेंटिनेल-१ या उपग्रहाचे ढगांपार टिपलेले रडारचित्र घ्या, त्यात शांत पाणी काळे दिसते.

चित्रातली एक चौकट (पिक्सेल) म्हणजे जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौकटींचा एक हेक्टर. मुलांना आलेख कागदावर मोजू द्या. घाई नको, खरे शिकणे इथेच होते. मग गणित: चौकटीच्या हिरव्या प्रकाशपट्ट्यातील परावर्तनातून जवळच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) पट्ट्यातील परावर्तन वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. पाण्यासाठी ०.०८ आणि ०.०३ घेतले तर उत्तर सुमारे ०.४५, झाडीसाठी ०.०८ आणि ०.४० घेतले तर उणे ०.६७. पाणी अवरक्त किरण शोषते, पाने परावर्तित करतात, म्हणून हा फरक.

चुका कुठे होतात? डोंगराची सावली पाण्यासारखी भासते. विहीर आणि अरुंद वहाळ दिसतच नाहीत. खाडीची दोन चित्रे ताडताना भरती-ओहोटीचे कोष्टक जवळ हवेच, नाहीतर ओहोटीलाच मुले पाणीटंचाई समजतील. आणि चित्रातून पाण्याचा पसारा कळतो, खोली नाही; हे फळ्यावर ठळक लिहा.