बाबा, फियाटचं इंजिन राहू द्या

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलून होत नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर बाबा "बरं बरं, तुला काय ते कर" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, मग आई विचारते भाजी काय केलीस. (आई, मेथी. आणि हो, निवडून ठेवली होती आदल्या रात्री.)

विषय फियाटचा आहे. गाडी अजून नाना पेठेतल्या मिस्त्रींकडेच उभी आहे आणि ते रोज विचारतायत, ताई, काय ठरलं? बाबांचं ठरलंय हे मला माहीत आहे. खंबाटकीत गाडी उकळली त्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला: "मारुती जिप्सीचं इंजिन बसवून टाक, पैसे मी देतो." चाळीस वर्षांत त्या गाडीत साधा डुप्लिकेट प्लग जाऊ न दिलेला माणूस हे बोलतोय म्हटल्यावर मी जरा गप्पच झाले.

त्या दिवशीचं मला सगळं आठवतंय. मे महिना, दुपारचा एक, घाटाच्या मधोमध बॉनेट उघडलेलं. तुम्ही रेडिएटरच्या झाकणावर ओला नॅपकिन टाकून थांबला होतात आणि मागे ट्रकवाले हॉर्न देत होते. तेवढ्यात त्या मोठ्या गाडीतल्या पोराने काच खाली करून म्हटलं, "काका, विका आता." तुम्ही हसलात. पण नंतर वाईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत, आणि आईने दोनदा पेढा पुढे केला तरी घेतला नाहीत. बाबा, खरं सांगू? ते पोरगं तुम्हाला लागलंय. इंजिनाची चूक किती, ते आधी बघायला हवं होतं. ते मी आता बघितलंय.

गेल्या शनिवारी मिस्त्रींना म्हटलं, नवं इंजिन शोधण्याआधी जुन्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासू. चारही प्लग काढले, मी आत बसून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि त्यांनी गेज लावून एकेक सिलिंडर तपासला. पहिला 118 पाउंड, दुसरा 75, तिसरा 72, चौथा 115. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं. पहिला आणि चौथा दहा-बारा पाउंडांनी चढले. दुसरा आणि तिसरा ढिम्म! मिस्त्री गेज पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, बाबांना विचारा, ते न बघता सांगतील." तुम्ही आत्ता सांगितलंच असेल वाचता वाचता. दोन आणि तीनच्या मधला हेड गॅस्केट गेलाय. ऑइलने जिथे दाब चढला तिथे पिस्टनच्या रिंगा थोड्या झिजल्यात, त्या झिजणारच. वर रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षाराने बंद. बोअरचं पाणी कुणी घालत होतं, त्यावर मी बोलत नाही.

म्हणजे आपण चार सिलिंडरची गाडी अडीच सिलिंडरवर घाटात चढवत होतो, आणि वर तिलाच हळू म्हणत होतो.

आता ती मुळातच हळू आहे हे मान्य. 1089 सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, त्यात आपण तिघं आणि आईच्या तीन पिशव्या. हे 1089 मी जन्मात विसरणार नाही. नववीत मला घनफळ येत नव्हतं, तेव्हा तुम्ही जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलंत: बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75, चार सिलिंडर, काढ. मी तीनदा चुकले. चौथ्यांदा 1089 आलं आणि तुम्ही मला खाली नेऊन बॉनेट उघडून दाखवलंत, "हे बघ, एवढी हवा मावते हिच्यात." शाळेत सिलिंडर म्हणजे पाण्याची टाकी असायची. माझ्यासाठी तो कायम फियाटचाच राहिला. फियाटच म्हणायचो आपण. 1974 पासून कागदावर तिचं नाव पद्मिनी झालं असलं तरी आपल्या वाड्यात कुणी तिला पद्मिनी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता जिप्सीचं इंजिन. मिस्त्रींनी दोन पर्याय सांगितले. एक 118 एनईचं, म्हणजे पद्मिनीच्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीचं, निस्सानचं 1171 सीसी, 52 हॉर्सपॉवर. दुसरं जिप्सीचं 1298 सीसी. त्यातलं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं, मिळालं तर थेट 80, म्हणजे आपल्या दुप्पट. बसतं म्हणतात, आणि खरंच बसतं. त्यांनी बसवलेली एक गाडी मी कात्रजपर्यंत चालवून पाहिली. खोटं कशाला बोलू, मजा आली. तिसऱ्या गिअरवर जुना बोगदा कधी आला कळलं नाही. येताना मी मनातल्या मनात रंगसुद्धा ठरवत होते.

पण खाली उतरताना ब्रेकवर पाय ठेवला आणि तुमचा आवाज आला. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे स्प्रिंगचे पाटे, आणि ते सगळं चाळीस हॉर्सपॉवरच्या हिशोबाने बनवलेलं. गाडी साठऐवजी ऐंशीने धावायला लागली की ब्रेकला झेलावा लागणारा जोर जवळजवळ पावणेदोनपट होतो. हे वेगाच्या वर्गाचं गणितही तुम्हीच शिकवलंय. मग पुढे डिस्क बसवा. डिस्क बसवली की चाकं बदला. मग मागचा डिफरन्शियल ती ताकद किती दिवस सोसणार, म्हणून तोही. मिस्त्री प्रामाणिक आहेत, त्यांनीच सांगितलं, "इंजिनपासून सुरुवात होते ताई, शेवटी फक्त दरवाजे फियाटचे राहतात." अंदाज सव्वा ते दीड लाख. जुन्या इंजिनाचं गॅस्केट, हेडचं फेसिंग, रिंगा आणि नवी रेडिएटर कोअर धरून पंचेचाळीस हजारांच्या आत बसतंय.

तरी पैसा हे माझं कारण नाही. कारण मला गाडीखाली वाकल्यावर कळलं. जिप्सीचं इंजिन घेतलं की तिचाच गिअरबॉक्स घ्यावा लागतो, आणि त्याची दांडी खालून वर येते. म्हणजे पुढचा पत्रा कापायचा आणि दांडी नेमकी पुढच्या सीटच्या मधोमध. आपली दांडी स्टिअरिंगला आहे म्हणून तर पुढे सलग सीट आहे. त्या सीटवर मधे मी बसायचे, बाबांनी दुसरा गिअर टाकला की कोपर माझ्या डोक्याला लागायचं आणि आई म्हणायची, "अहो, पोरीला बघा." शाळा सुटल्यावर, जेजुरीला, मामाच्या लग्नाला, कायम मधेच. मागची सीट पाहुण्यांची. आई, परवा घाटात तूसुद्धा मागे बसायला तयार नव्हतीस, आठवतंय? वय पाहता पाय आखडतात म्हणून मी म्हटलं मागे लांब कर, तर म्हणालीस, "मागे मला मळमळतं." चाळीस वर्षांत मागे बसली नाहीस तर तुला कळलं कसं मळमळतं ते! असो. पत्रा कापला की ती जागा जाते, आणि एकदा कापला की परत जोडून तसा होत नाही. इंजिन उद्या बदलता येईल. भोक बुजवता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण बाबा विचारणारच. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलंय. आरसी बुकात इंजिन नंबर आहे, सीसी आहे. "सगळे करतात" हे खरंय, पण उद्या कुणाला धक्का लागला तर इन्शुरन्सवाले सगळ्यांकडे जाणार नाहीत, माझ्याकडे येतील.

आणि 2027 मध्ये गाडीला पन्नास पूर्ण होतात, तेव्हा व्हिंटेजची 'व्हीए' नंबरप्लेट घ्या असं दादा म्हणतो. 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी त्यात बसते. मला मात्र ती पाटी नकोय. ती लागली की गाडी फक्त रॅलीला, प्रदर्शनाला, नाहीतर पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती बाहेर काढायची. मंडईत न्यायची नाही, वाईला आणायची नाही. अशी गाडी काय करायची, पुसत बसायची? मूळची ठेवायची म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची असं मी म्हणत नाहीये. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर तुम्हीच बसवला होता की. मी रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा बसवून घेतेय, पुढे सीटबेल्ट, आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं. पंपाचा पडदा मिस्त्रींनी काढून दाखवला, ओल्या पापडासारखा झाला होता. यातलं काहीही उद्या काढून परत होतं तसं करता येतं, एवढीच माझी अट.

हायवेचं काय, हा तुमचा मुद्दा राहिला, आणि तो बरोबर आहे. नवले पुलाच्या उतारावर मागे कंटेनर लागला की मलाही घाम फुटतो. तिथे जिप्सीचं इंजिन असलं तरी फुटेल, ती गोष्ट वेगळी. म्हणून ठरवलंय: तुम्हाला डॉक्टरकडे आणायचं असेल, घाई असेल, तर माझी गाडी. फियाट घेऊन यायचं तर पहाटे पाचला निघायचं, शिरवळला चहा, आणि घाट ऊन चढायच्या आत चढायचा. हवा थंड, ट्रक कमी, आणि काका-विका म्हणणारी पोरं त्या वेळी झोपलेली असतात.

आता एक गोष्ट, जी आईने मला सांगितली आणि "ह्यांना बोलू नकोस" म्हणाली. आई, सॉरी. बाबा, तुम्ही आईला म्हणालात की जुनी ठेवली तर माझ्या मागे मंजू विकून टाकेल, नवं इंजिन घातलं तर निदान वापरेल. हे ऐकल्यावर मी पार्किंगमध्ये जाऊन बसले थोडा वेळ, गाडी नव्हती तिथे तरी. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण मला पाठवलं होतं, बरोबर एक ओळही न लिहिता. त्याचा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता. मी विकणार नाही. आठवड्यातून दोनदा आजही मीच चालवते, चोक किती ओढायचा ते मला माहीत आहे, थंडीत दुसरा गिअर लगेच पडत नाही तेही माहीत आहे. ओवीला मागच्या महिन्यात सोसायटीच्या मैदानात चालवायला दिली. तिने विचारलं, "आई, गिअर कुठेय?"

तेव्हा आता काम. हेड फेसिंगला भोसरीला गेलंय. गुरुवारी तिकडे सगळं बंद, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी परत येईल. शनिवारी सकाळी दहाला बसवायचं आहे. हेडचे नट कुठल्या क्रमाने आवळायचे ते मिस्त्रींना येतं, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. पण टॉर्क किती ठेवायचा यावर त्यांचा आणि तुमचा 1996 पासूनचा वाद आहे आणि मला मधे पडायचं नाही. तुम्ही या. येताना माळ्यावरच्या हिरव्या पेटीतला टॉर्क रेंच आणि फीलर गेज आणा, टॅपेट मी तुमच्यासमोर लावणार आहे. शुक्रवारची दुपारची एसटी धरा, स्वारगेटला मी येते.

आई, तूही ये. पुढच्या सीटचं कव्हर उसवलंय, शिवायला टाकायचंय, आणि कापड तुझ्याशिवाय कुणी निवडलं तर तू वर्षभर बोलशील.

तुमची,
मंजू