कॅलिबर बदलत राहिलं, तर रायफल पक्की कधी होणार?

मा. संपादक,
स. न.

अमेठीतल्या कोरवा कारखान्यात तयार होणाऱ्या, रशियन आराखड्याच्या एके-२०३ रायफलींची बातमी आपल्या अंकात वाचली. सहा लाखांवर रायफली आपल्या देशात तयार होणार, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आपल्याच आराखड्याची इन्सास रायफल आपल्याला शेवटपर्यंत का नेता आली नाही, हा प्रश्न बातमीत कुठेच आला नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि डाय बनवण्यात, हयात गेलेला कामगार म्हणून त्यावर लिहावंसं वाटलं.

इन्सास रायफल पुण्यात पाषाणला, डीआरडीओच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेत घडली. तिचा आराखडा टाकाऊ मुळीच नव्हता. गोळीमागच्या गॅसवर चालणारा पिस्टन आणि फिरता बोल्ट कलाश्निकोव्हच्या धर्तीचा, गॅस कमी-जास्त करायची सोय आधीच्या एसएलआर रायफलीच्या घराण्यातली, काडतूस ५.५६ मिलिमीटरचं, वजनाला हलकं. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत मात्र तिची प्लास्टिकची मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, तडकू लागली. मॅगझिनच्या तोंडाशी दोन कडा असतात, त्या काडतुसाला दाबून धरतात. कड जराशी फाकली की काडतूस तिरकं वर येतं, बोल्ट त्याला तसंच पुढे रेटतो आणि रायफल अडकते, तीही समोर शत्रू असताना. आमच्याकडे प्लास्टिकचे साचे करणाऱ्या कुणालाही विचारा: सोलापूरच्या मे महिन्यात टणक राहणारा माल बर्फात ठिसूळ होऊ शकतो. त्यावर इलाज असतो. मटेरियल बदला, कडेची जाडी वाढवा, पुन्हा थंडीत नेऊन तपासा.

असे दोष मोठमोठ्यांच्या रायफलींतही निघाले. अमेरिकेची एम-१६ व्हिएतनाममध्ये सारखी अडकायची. काडतुसातली दारू बदलली होती, काडतूस बसतं त्या चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, जवानांना साफसफाईचं साहित्यही पुरेसं दिलेलं नव्हतं. त्यांनी एकेक कारण शोधून दुरुस्त केलं आणि त्याच घराण्यातली रायफल त्यांचं सैन्य पुढे अनेक दशकं वापरत राहिलं. ब्रिटिशांची एल-८५ आखाती युद्धात वाळूने बेजार झाली. ती फेकून न देता त्यांनी हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीकडून सुधारून घेतली.

आपल्याकडेही सुधारणा झाल्या, नाही असं नाही. इन्सासवरून एक्सकॅलिबर ही सुधारित रायफल निघाली. पण तोवर मागणीच बदलली. २०११ मध्ये सैन्याला नळी बदलून दोन कॅलिबर, म्हणजे दोन मापांची काडतुसं, चालवणारी रायफल हवी होती. ती निविदा २०१५ मध्ये रद्द झाली. मग ७.६२ बाय ५१ च्या (गोळीची जाडी बाय पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) जड काडतुसाकडे मोर्चा वळला. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची तशी रायफल चाचणीत नापास झाली, तेव्हा २०१९ मध्ये अमेरिकेकडून त्याच काडतुसाच्या ७२,४०० सिग-७१६ रायफली घेतल्या. त्याच वर्षी कोरवाचं उद्घाटन झालं, आणि एके-२०३ चं काडतूस आहे ७.६२ बाय ३९, म्हणजे पुन्हा तिसरंच.

टूलरूममध्ये गिऱ्हाइकाने डाय अर्धी झाल्यावर ड्रॉइंग बदललं, की आधीचं काम भंगारात जातं. रायफलीत तर काडतूस बदललं की नळी, चेंबर, बोल्टचं तोंड, मॅगझिन आणि गॅसचा हिशेब, सगळं नव्याने करावं लागतं. सोलापुरात बनलेले कॅमशाफ्ट परदेशी मोटारींच्या इंजिनांत बसतात, तेव्हा आपल्या हातात अचूकपणा नाही असं मला कुणी सांगू नये. ड्रॉइंग ठरलेलं असतं आणि तक्रार आली की ती थेट यंत्रावरच्या माणसापर्यंत पोचते, म्हणून ते जमतं. इन्सासच्या बाबतीत जवान आणि आराखडा करणारा यांच्यात हे अंतर फार राहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर केलेली ‘उग्रम’ ही नवी रायफल पुण्यात दाखवली. काडतूस ७.६२ बाय ५१, वजन चार किलोच्या आत. शंभर दिवसांच्या आत ती उभी केल्याचं कौतुक तेव्हा खूप झालं. शंभर दिवसांत नमुना होतो. रायफल व्हायला लडाखची थंडी, राजस्थानची धूळ आणि कोकणचा पाऊस तिच्यावरून जावा लागतो, आणि तेवढा काळ कॅलिबर स्थिर राहावं लागतं.

पाषाण आपल्यापासून अडीचशे किलोमीटरवर आहे. आपल्या वार्ताहराला तिथे जरूर पाठवा आणि विचारायला सांगा, की उग्रमच्या चाचण्यांत आजवर कोणते भाग बदलले, आणि ते जवानांच्या कोणत्या तक्रारीवरून.

आपला,
एक टूलरूम कामगार
अक्कलकोट रोड, सोलापूर