रस्त्याकडेच्या लागवडीसाठी झाडांची निवड : सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वाहनांची धूळ व धूर यांचा त्रास कमी व्हावा म्हणून रस्त्याकडेच्या पट्ट्यात लावावयाच्या झाडाझुडपांची यादी ठरविण्यासाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता सभागृहात बैठक होईल. लागवड उपसमितीच्या सदस्यांची उपस्थिती आवश्यक आहे. इतरांनीही अवश्य यावे.

नावे सुचविताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१. २.५ मायक्रॉन व त्याहून सूक्ष्म धूलिकण खरखरीत, लवदार किंवा मेणचट पानांवर अधिक अडकतात आणि त्यांतील बरेचसे पावसाने धुऊन जातात. त्यामुळे बारमाही हिरव्या, लहान व दाट पानांच्या जातींना प्राधान्य द्यावे.

२. उंच इमारतींमधील अरुंद रस्त्यावर दाट छत्रीची झाडे सुचवू नयेत. फांद्या वरून एकमेकींत मिसळल्या की वारा अडतो आणि वाहनांचा धूर खालीच कोंडतो. अशा ठिकाणी वाहने व पदपथ यांच्यामध्ये जमिनीपासूनच दाट वाढणारे झुडपांचे कुंपण अधिक उपयोगी ठरते, जरी ते मोठ्या वृक्षाइतके डोळ्यांत भरत नसले तरी.

३. निलगिरी, पॉप्लर, विलो यांसारखी झाडे आयसोप्रीन वायू मोठ्या प्रमाणात सोडतात व वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांच्या सान्निध्यात, सूर्यप्रकाशात, त्यापासून जमिनीलगत श्वसनाला अपायकारक असा ओझोन वायू तयार होतो. त्यांची सलग रांग सुचवू नये.

४. कण्हेर धूळ व धूर सोसते, परंतु विषारी असल्याने मुलांच्या वावराच्या जागी ती लावली जाणार नाही.

प्रत्येकाने जास्तीत जास्त ३ नावे, जागेच्या उल्लेखासह, शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे लेखी द्यावीत.