आधी ‘ठणका’, मग ‘यकृत’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्याचे शब्द शब्दकोड्यांतून शिकवणे तिसरी ते पाचवीच्या वर्गात चांगले जमते. मात्र हाती येणारी बहुतेक कोडी थेट यकृत, स्वादुपिंड, मज्जारज्जू अशी सुरू होतात. दवाखान्यात मुलाला आधी लागतात ते शब्द वेगळेच. ‘पोटात दुखतंय’ एवढ्याने डॉक्टरांना फारसे कळत नाही. कळ येते, मुरडा पडतो, जळजळते की मळमळते, हे सांगता आले तर कळते. ठणका, चमक, मुंग्या, चुरचुर, घेरी... दुखण्याला मराठीत नावांची वाण नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांची कोडी याच शब्दांची करावीत. ‘मळमळ’ तर कोड्यासाठीच जन्मलेला शब्द आहे: चार घरे आणि अक्षरे दोनच.

कोडे बिघडते ते बहुतेकदा चौकटीत. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, त्याची मात्रा (म्हणजे काना, वेलांटी, उकार असे कोणतेही स्वरचिन्ह), अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरासकट. मूत्रपिंड म्हणजे मू-त्र-पिं-ड, चार घरे. इंग्रजीसाठी बनवलेली कोडी-यंत्रे (शब्द टाकले की चौकट आखून देणारे संगणकावरचे कार्यक्रम) मात्र मात्रा, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि अनुस्वार सुटे मोजतात आणि याच शब्दाला नऊ घरे देतात. असे छापलेले कोडे मूल सोडवूच शकत नाही, आणि दोष स्वतःकडे घेते. यंत्र अक्षरे मोजते की नाही, हे ‘मूत्रपिंड’ टाकून आधी तपासावे. नसेल तर चौकटींचा कागद आणि पेन्सिल बरी.

शब्द एकमेकांना छेदतात तिथे अक्षर हुबेहूब तेच लागते. ‘हृदय’च्या शेवटच्या ‘य’वरून ‘यकृत’ खाली उतरवता येतो आणि त्याच्या ‘त’वर आडवा ‘दात’ संपवता येतो. पण ‘रक्त’ आणि ‘दात’ शेवटी जुळत नाहीत, कारण रक्ताचे शेवटचे घर ‘क्त’ आहे. मुडदूस आणि मूत्रपिंड पहिल्या घरात जुळत नाहीत, एक मु आणि दुसरा मू. ‘ड’वर मात्र छान जुळतात, आणि मुडदूसच्या ‘स’वर आडवी ‘लस’ येऊन थांबते. ऱ्हस्व-दीर्घाचा वेगळा तास न घेता मुले तिथेच अडतात आणि शिकतात. ‘फुप्फुस’ की ‘फुफ्फुस’ हे वर्गाच्या पाठ्यपुस्तकात पाहून आधीच ठरवावे, नाहीतर एकाच बाकावर दोन उत्तरे येतात.

अक्षरांच्या गर्दीतून शब्द शोधायचा खेळ धाकट्यांना सोपा जातो. 8×8 च्या चौकटीत 64 घरे असतात, सात-आठ शब्दांनी त्यांतली तीसेक भरतात. उरलेल्यांत नुसती क, ग, ट भरली तर मात्रांचे शब्द लांबूनच उठून दिसतात आणि मूल न वाचताच गोल करते. म्हणून भरतीची अक्षरेही मात्रांची हवीत. शब्द डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली, एवढेच ठेवावेत. उलटे नकोत. (लस उलटी वाचली की सल होते!) एकेक अक्षर सुचवून शब्द ओळखायचा फाशीचा खेळ मात्र मराठीत टिकत नाही. बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर अंदाज बांधायला अक्षरे शेकड्यांनी होतात.

शब्दासाठी दिलेला संकेत शब्दापेक्षा अवघड नसावा. ‘रक्ताभिसरण करणारा अवयव’ हे वाक्य पुन्हा समजावून सांगावे लागते. ‘मूठ आवळून बघ, साधारण एवढे, छातीच्या मध्यावर, किंचित डावीकडे’ हे हाताने पडताळता येते. ‘काळीज’ संकेतात वापरू नये. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, आणि काळजाचा ठोका चुकतो तेव्हा हृदय. रक्तक्षय आणि क्षयरोग यांचीही गल्लत होते. पहिल्यात रक्तातले हिमोग्लोबिन कमी पडते, दुसरा जिवाणूंमुळे होतो. ही जोडी मुद्दाम एकाच कोड्यात घालावी आणि ‘क्षय’ म्हणजे झीज हे तिथेच सांगावे. ‘देवी’ही घ्यावा: 1980 मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झालेला रोग, दोन घरे. किडनी, बीपी, शुगर हे घरचे शब्द झाले आहेत, त्यांना हाकलू नये. ‘किडनी’ संकेतात द्यावा आणि ‘मूत्रपिंड’ चौकटीत मागावा.

आठवड्याला नवे शब्द पाचच. पहिल्या दिवशी ते मोठ्याने म्हणावेत, अवयव असेल तर त्या जागी हात ठेवून. दुसऱ्या दिवशी जोडीने कोडे, वीस मिनिटे, एक तृतीयांश घरे आधीच भरलेली. तिसऱ्या दिवशी मुलांनीच नवे संकेत लिहावेत. शब्द खरोखर कळला की नुसता पाठ झाला, हे तिथेच उघडे पडते.

दोन गोष्टी टाळाव्यात. औषधांची नावे आणि डोस कोड्यात नकोत. ‘जलसंजीवनी’ तेवढी चालेल: सहा घरे, आणि संकेतातच कृती, 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुसरे, वर्गातल्या कुणाला असलेला आजार त्या आठवड्याच्या यादीत नको. मधल्या सुट्टीत त्याचे टोपणनाव होते.

‘रुग्णवाहिका’ शिकवताना शेजारी तीन घरे आकड्यांसाठी ठेवावीत: 108. (‘रु’ ऱ्हस्व आहे. पाट्यांवर पुष्कळदा चुकलेला दिसतो.)

आपल्या बालपुरवणीत असे एक कोडे दर आठवड्याला द्यावे, ही विनंती. घर किमान दीड सेंटिमीटरचे असावे. नेहमीच्या कोड्याच्या घरात तिसरीतल्या मुलाच्या हाताने ‘धनुर्वात’मधला ‘र्वा’ मावत नाही.

आपले नम्र,
काही प्राथमिक शिक्षक